युद्धातली विमानं आणि ती उडवणाऱ्या बायका: कोणतं पुस्तक वाचावं? (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

दुसऱ्या महायुद्धात विमान चालवणाऱ्या स्त्रियांबद्दल वाचायचं ठरवलं की शिफारशींचा ढीग समोर येतो, आणि त्यातली निम्मी पुस्तकं एकच गोष्ट त्याच विशेषणांत सांगतात. खाली आहेत ती नेहमी विचारली जाणारी प्रश्नोत्तरं. माझा कल आधीच सांगून ठेवते. ज्या लेखकाला विमानाचं इंजिन, वजन, वेग यांत रस आहे, त्याच्या पुस्तकात वैमानिक बाईही माणूस म्हणून भेटते. ज्याला फक्त 'शूर वीरांगना' रंगवायच्या आहेत, त्याच्या पुस्तकात सगळ्या जणी सारख्याच दिसतात.

एकच पुस्तक सांगा. सुरुवात कुठून करू?

एलिझाबेथ वाइन यांचं 'अ थाउजंड सिस्टर्स' (२०१९). हे किशोरांसाठी लिहिलेलं आहे म्हणून नाक मुरडू नका. वाइन स्वतः विमान चालवतात, त्यामुळे टेकऑफपासून उतरेपर्यंत कॉकपिटमध्ये काय चाललेलं असतं ते त्या दोन वाक्यांत समजावतात. विषय आहे सोव्हिएत संघातल्या स्त्रियांच्या तीन हवाई रेजिमेंटचा, आणि मध्यभागी आहे त्या उभ्या करणारी मारिना रास्कोवा.

रास्कोवा नॅव्हिगेटर होती. सप्टेंबर १९३८ मध्ये ती, ग्रिझोदुबोवा आणि ओसिपेंको अशा तिघी 'रोदिना' नावाच्या विमानातून मॉस्कोहून थेट अतिपूर्वेकडे निघाल्या. जवळजवळ सहा हजार किलोमीटर गेल्यावर इंधन संपत आलं आणि विमान पोटावर उतरवावं लागणार हे दिसायला लागलं. नॅव्हिगेटरची जागा पुढच्या काचेच्या नाकात. तसं उतरताना तीच आधी चिरडणार, म्हणून रास्कोवाला वरूनच उडी मारायला सांगितलं. खाली सैबेरियाचं जंगल, खिशात चॉकलेटच्या दोन वड्या. दहा दिवसांनी ती चालत विमानापाशी पोचली. या एका प्रसंगाने ती देशभर घराघरांत पोचली. पुढे जर्मनीने हल्ला केल्यावर 'आम्हालाही उडू द्या' अशी मुलींची पत्रं तिच्याकडे यायला लागली, आणि स्तालिनपर्यंत जाऊन बोलायची ताकद तिच्याकडे होती ती याच प्रसिद्धीमुळे.

'नाइट विचेस' म्हणजे सगळ्या सोव्हिएत स्त्री वैमानिक का?

नाही, आणि हा घोळ पुस्तकांच्या मलपृष्ठांवरही सापडतो. ८ ऑक्टोबर १९४१ च्या आदेशाने तीन रेजिमेंट निघाल्या. प्रशिक्षण व्होल्गाकाठच्या एंगेल्स गावी झालं. ५८६ वी लढाऊ विमानांची, याक-१ उडवणारी. ५८७ वी दिवसा बॉम्बफेक करणारी, पे-२ विमानांची. ५८८ वी रात्रीच्या बॉम्बफेकीची, पो-२ विमानांची. जर्मन सैनिकांनी 'रात्रीच्या चेटकिणी' म्हटलं ते या तिसऱ्या रेजिमेंटला. शेवटपर्यंत पूर्णपणे बायकांची राहिली तीही हीच. वैमानिक, नॅव्हिगेटर, मेकॅनिक, बॉम्ब लावणाऱ्या, सगळ्या बायका, आणि कमांडर येवदोकिया बेर्शान्स्काया. बाकी दोघींमध्ये पुढे पुरुष आले. रास्कोवा स्वतः ४ जानेवारी १९४३ ला खराब हवेत विमान कोसळून गेली, आणि तिच्या ५८७ व्या रेजिमेंटची सूत्रं वालेंतिन मार्कोव या पुरुष अधिकाऱ्याकडे आली. सुरुवातीला मुलींना तो नको होता, त्यालाही ही बदली नको होती. नंतर मात्र दोन्ही बाजूंचं चांगलं जुळलं. हे नातं वाचण्यासारखं आहे.

पे-२ ची गोष्ट चेटकिणींच्या गर्दीत हरवते याचं मला वाईट वाटतं. हे दोन इंजिनांचं, वेगवान आणि हट्टी विमान. भरलेलं असताना टेकऑफला नियंत्रणदांडा इतका जड जायचा की नॅव्हिगेटरही हात लावून तो ओढायची. 'बायकांना हे झेपेल का' या प्रश्नाला त्या मुलींनी असं चार हातांनी उत्तर दिलं.

पो-२ हे लाकूड-कापडाचं जुनाट विमान. त्यांना मुद्दाम टाकाऊ माल दिला होता का?

असं बऱ्याच ठिकाणी लिहिलेलं असतं, पण तसं नाही. त्याच विमानाच्या रात्रीच्या रेजिमेंट पुरुषांच्याही होत्या. निकोलाय पोलिकार्पोव यांनी १९२० च्या दशकात शिकाऊ वैमानिकांसाठी हे विमान रचलं. आधी त्याचं नाव उ-२ होतं. १९४४ मध्ये पोलिकार्पोव गेल्यावर त्यांच्या नावावरून ते पो-२ झालं. पाच सिलिंडरचं, शंभरेक अश्वशक्तीचं इंजिन, एकावर एक दोन पंख, उघडं कॉकपिट. फार ताणलं तर ताशी दीडशे किलोमीटर.

आता यातली गंमत बघा. मेसरश्मिटसारखं जर्मन लढाऊ विमान इतक्या कमी वेगात आणलं तर ते हवेत टिकतच नाही. त्यामुळे मागे लागलेला जर्मन वैमानिक झपकन पुढे निघून जाई आणि त्याला पुन्हा मोठा वळसा घ्यावा लागे. पो-२ झाडांच्या उंचीवर उडू शके, शेतात उतरू शके, आणि आघाडीपासून अगदी जवळून निघत असल्याने एका रात्रीत पुन्हा पुन्हा जाऊन येई. लक्ष्याजवळ आल्यावर इंजिन अगदी मंद करायचं आणि घरंगळत खाली यायचं. खालच्यांना ऐकू येई ती फक्त तारांमधून जाणाऱ्या वाऱ्याची शीळ. बॉम्बचा भार तीनेकशे किलोच, म्हणजे शहर उद्ध्वस्त करणारं हे काम नव्हे. खंदकातल्या माणसाला रात्रभर झोपू न देणं हा खरा हेतू.

याची किंमतही होती. कापडाला गोळी लागली की आग. १९४४ पर्यंत त्या पॅराशूट नेतच नसत. ३१ जुलै १९४३ च्या रात्री जर्मनांनी विमानविरोधी तोफा गप्प ठेवल्या, सर्चलाइटच्या झोतात पो-२ पकडली आणि रात्रीचं लढाऊ विमान त्यांच्यावर सोडलं. चार विमानं, आठ मुली, एकाच रात्रीत. जे पुस्तक ही रात्र टाळून फक्त 'जर्मन घाबरले' एवढंच सांगतं, ते बाजूला ठेवा.

या रेजिमेंटने युद्धभरात वीस हजारांहून अधिक फेऱ्या केल्या. इरिना सेब्रोवाच्या नावावर एकटीच्या हजारावर आहेत. फेऱ्यांचा हा आकडा बॉम्ब लावणाऱ्या आणि इंधन भरणाऱ्या मुलींशिवाय शक्य नव्हता, कारण विमान जमिनीवर काही मिनिटंच थांबायचं. लेखकाने मेकॅनिकला किती पानं दिली आहेत ते पाहून मी पुस्तकाची पारख करते.

त्यांच्याच तोंडून ऐकायचं आहे. मुलाखती कुठे मिळतील?

ॲन नॉगल यांचं 'अ डान्स विथ डेथ' (१९९४). या यादीतलं माझं सगळ्यात आवडतं पुस्तक. नॉगल महायुद्धात स्वतः वास्प या अमेरिकेच्या स्त्री वैमानिकांच्या संस्थेत होत्या, नंतर नावाजलेल्या छायाचित्रकार झाल्या. सोव्हिएत संघाच्या अखेरच्या काळात त्या तिथे गेल्या, तिन्ही रेजिमेंटच्या हयात बायकांना भेटल्या, त्यांचं बोलणं उतरवून घेतलं आणि त्यांचे चेहरे टिपले. सत्तरीतल्या बाया, छातीवर पदकं, आणि कॅमेऱ्याकडे बघणारी अजिबात न भिणारी नजर. समोर विचारणारी बाईही वैमानिकच, त्यामुळे बोलणं लगेच मुद्द्यावर येतं. थंडीत हात धातूला चिकटणं, पुरुषांच्या मापाचे बूट, पाळी, भीती, आणि भीती वाटायलाही वेळ नसणं.

एक सावधगिरी. हे अर्धशतकानंतर सांगितलेलं आहे. तपशील एकमेकींशी जुळत नाहीत तिथे कोण खोटं बोलतंय असं शोधत बसू नका.

स्वेतलाना अलेक्सिएविच यांचं पुस्तक याच विषयावर आहे ना?

'द अनवुमनली फेस ऑफ वॉर' हे रशियनमध्ये १९८५ साली आलं. २०१५ मध्ये लेखिकेला नोबेल मिळाल्यावर नवा इंग्रजी अनुवाद २०१७ साली निघाला. त्यात वैमानिक आहेत, पण थोड्या. परिचारिका, नेमबाज, रणगाड्यावरच्या, धोबीकाम करणाऱ्या अशा शेकडो बायकांचं हे पुस्तक आहे. विमानांसाठी ते घेऊ नका, मात्र युद्ध म्हणजे काय यासाठी जरूर घ्या. नॉगलच्या आधी वाचलंत तर नॉगल थोडं कोरडं वाटेल, म्हणून क्रम उलटा ठेवा.

लिदिया लित्व्याकने नक्की किती विमानं पाडली? प्रत्येक पुस्तकात वेगळा आकडा आहे.

हो, आणि तो तसाच राहणार. एकटीने बारा हा आकडा जास्त छापला जातो, काही संशोधक कमी धरतात. युद्धातले असे दावे पायलटच्या अहवालावर, सोबत्यांच्या साक्षीवर आणि तुकडीच्या गरजेवर अवलंबून असत, आणि हे सगळ्याच देशांत. स्त्री लढाऊ वैमानिकांत ती आणि कात्या बुदानोवा या दोघी सगळ्यात पुढे होत्या, यावर मात्र दुमत नाही.

१ ऑगस्ट १९४३ ला लित्व्याक परत आली नाही, तेव्हा ती अजून बावीसचीही नव्हती. मृतदेह मिळाला नाही म्हणून 'बेपत्ता' असा शेरा पडला. बेपत्ता म्हणजे कदाचित शत्रूच्या हाती, आणि शत्रूच्या हाती म्हणजे संशयित. सर्वोच्च पदक तिला मिळायला १९९० उजाडलं. ते गोर्बाचेवांच्या सहीने मिळालं.

तिच्यावर वाचायचं तर ल्युबा विनोग्रादोवा यांचं 'डिफेंडिंग द मदरलँड' (२०१५) घ्या. त्यांनी हयात सहकाऱ्यांना गाठून लिहिलं आहे, आणि तिच्याभोवती रचलेल्या स्तालिनग्राडची 'पांढरी लिली' या दंतकथेला बिनचूक टाचणी लावली आहे. त्याच लेखिकेचं 'अव्हेंजिंग एंजल्स' चुकून मागवू नका. ते नेमबाज बायकांवर आहे. उत्तम आहे, पण त्यात विमान नाही.

जुन्या बाजारात ब्रूस माइल्स यांचं 'नाइट विचेस' मिळालं. चालेल?

१९८१ चं ते पुस्तक इंग्रजी वाचकांना या विषयाची पहिली ओळख करून देणाऱ्यांपैकी आहे, एवढं श्रेय त्याला द्यायला हवं. मात्र संवाद कादंबरीसारखे रचलेले आहेत, आणि नंतरच्या संशोधकांनी त्यातल्या बऱ्याच चुका दाखवल्या आहेत. इंटरनेटवरच्या कितीतरी रंजक गोष्टींचा उगम अशा पुस्तकांत असतो. प्रवासात वाचा, कुणाशी वाद घालताना पुढे करू नका.

वाद घालायचाच असेल तर रीना पेनिंग्टन यांचं 'विंग्ज, विमेन अँड वॉर' (२००१). लेखिका अमेरिकी हवाई दलात गुप्तवार्ता अधिकारी होत्या, मग इतिहासाच्या प्राध्यापक झाल्या. तळटिपा भरपूर, गोडवा कमी. ५८६ व्या रेजिमेंटमध्ये कमांडर आणि वैमानिकांचं कसं बिनसलं, काही जणींची बदली का झाली, हे राजकारण इतकं बारकाईने दुसरीकडे मिळत नाही. युद्ध संपताच या बायकांना घरी का पाठवलं, हा प्रश्नही त्या टाळत नाहीत.

एकाच बाईचं आत्मचरित्र हवं आहे.

आन्ना येगोरोवा. मॉस्कोच्या मेट्रोच्या बांधकामावर काम करता करता फ्लाइंग क्लबमध्ये विमान शिकलेली मुलगी. आधी पो-२ वर निरोप पोचवायची, नंतर पुरुषांच्या रेजिमेंटमध्ये इल-२ श्तुर्मोविक उडवू लागली. रणगाड्यांवर कमी उंचीवरून झडप घालणारं हे चिलखती विमान. इल-२ मध्ये वैमानिक पोलादी टबात बसलेला असतो, पाठीमागचा तोफची मात्र त्या टबाच्या बाहेर. येगोरोवाची तोफची दुस्या नाझारकिना हीही मुलगीच होती. ऑगस्ट १९४४ मध्ये पोलंडवर त्यांचं विमान पडलं तेव्हा भाजलेली येगोरोवा जगली, दुस्या गेली. चिलखत कुठवर होतं हे माहीत असेल तर तो प्रसंग वाचताना पुढचं आधीच कळतं, आणि वाचवत नाही.

पुढे जर्मनांची युद्धकैद्यांची छावणी, आणि सुटकेनंतर आपल्याच लोकांकडून चौकशी: जिवंत कशी राहिलीस? 'हिरो ऑफ द सोव्हिएत युनियन' हा किताब तिला १९६५ मध्ये मिळाला. या आठवणी इंग्रजीत 'रेड स्काय, ब्लॅक डेथ' (२००९) आणि 'ओव्हर फील्ड्स ऑफ फायर' (२०१०) अशा दोन नावांनी आहेत. दोन्ही विकत घेऊन फसू नका.

ब्रिटनच्या बायका लढल्या नाहीत, फक्त विमानं पोचवली. त्यात वाचण्यासारखं काय?

'फक्त' हा शब्द जरा बाजूला ठेवू. एअर ट्रान्सपोर्ट ऑक्झिलरी, म्हणजे एटीए, ही संस्था कारखान्यातून निघालेली विमानं हवाई तळांवर आणि मोडकी विमानं दुरुस्तीला पोचवायची. वयाने किंवा अपंगत्वाने हवाई दलात न बसणारे पुरुष तिथे होते. त्यांच्यातल्या एकाला एकच हात आणि एकच डोळा होता. जानेवारी १९४० मध्ये पॉलिन गोवर यांच्या हाताखाली आठ बायका आल्या, त्यांना हिवाळ्यात उघड्या कॉकपिटची टायगर मॉथ विमानं दिली. संख्या वाढत युद्धाअखेर १६८ च्या घरात गेली. पंधरा जणी परतल्या नाहीत. इंग्लंडहून एकटीने ऑस्ट्रेलिया गाठणारी एमी जॉन्सन त्यांतली एक. १९३० च्या त्या प्रवासात ती कराची आणि झाशीला उतरली होती. जानेवारी १९४१ मध्ये टेम्सच्या मुखाशी ती बुडाली.

त्यांच्या कामाची पद्धत बघा. रेडिओ नाही. ढगात शिरायचं नाही, कारण उपकरणांवर विसंबून उडायचं प्रशिक्षणच दिलेलं नाही. ब्रिटनची हवा कशी आहे ते तिथल्या नातेवाइकांना विचारा. सकाळी हातात चिठ्ठी येई, त्यावर दिवसभराची विमानं. त्यातलं एखादं जन्मात न पाहिलेलं असायचं. मग खिशातून 'फेरी पायलट्स नोट्स' निघत. कड्यांनी बांधलेली छोटी पत्रकं, एका विमानाला एक. टेकऑफचा वेग, चाकं कधी उचलायची, फ्लॅप किती, एवढंच. विमानं वर्गांत विभागलेली होती, आणि एका वर्गाची परवानगी मिळाली की त्यातलं कोणतंही विमान ती पत्रकं वाचून न्यायचं. एकंदर १४७ प्रकारची विमानं या संस्थेने हाताळली. १९४३ पासून बायकांना पुरुषांइतकाच पगार मिळू लागला. त्या काळात ही गोष्ट साधी नव्हती.

पुस्तकं: गाइल्स व्हिटेल यांचं 'स्पिटफायर विमेन ऑफ वर्ल्ड वॉर टू' (२००७) हलकंफुलकं, भरभर वाचून होतं. डायना बार्नाटो वॉकर यांचं 'स्प्रेडिंग माय विंग्ज' (१९९४) म्हणजे श्रीमंत घरच्या मुलीचा बेधडकपणा. या बाईंनी पुढे १९६३ मध्ये लाइटनिंग जेटमधून ध्वनीचा वेग ओलांडला, तसं करणाऱ्या त्या पहिल्या ब्रिटिश स्त्री. मेरी एलिस यांचं 'अ स्पिटफायर गर्ल' (२०१६) शेतकऱ्याच्या लेकीचं, साधं आणि मिश्कील. त्या एकदा वेलिंग्टन हे दोन इंजिनांचं बॉम्बफेकी विमान घेऊन एकट्या उतरल्या. तळावरच्यांनी विचारलं, पायलट कुठे आहे? 'मीच.' त्यांचा विश्वास बसेना, आत चढून त्यांनी सगळं विमान तपासलं.

आणि लेटिस कर्टिस यांचं 'द फरगॉटन पायलट्स' (१९७१). कर्टिस गणित शिकलेल्या, चार इंजिनांची अवजड विमानंही नेणाऱ्या. पुस्तकही तसंच, आकडे आणि तारखांचं. कंटाळवाणं आहे, पण इतर सगळे लेखक यातूनच उचलतात, त्यामुळे मूळ चाखायचं तर हेच.

अमेरिकेबद्दल?

कॅथरीन शार्प लँडेक यांचं 'द विमेन विथ सिल्व्हर विंग्ज' (२०२०). वास्प या संस्थेत पंचवीस हजारांवर अर्ज आले, १,०७४ जणी प्रशिक्षण पूर्ण करून बाहेर पडल्या, ३८ जणींचा जीव गेला. त्या लष्करी गणवेशात, लष्करी विमानांत, पण कागदोपत्री नागरी. मुलगी गेली तर मृतदेह घरी पाठवायला मैत्रिणी वर्गणी काढत. काही जणी विमानामागे कापडी निशाण ओढत नेत आणि खालून शिकाऊ तोफची त्यावर खरा दारूगोळा झाडत. बी-२९ हे महाकाय विमान चालवायला पुरुष कचरायला लागले, तेव्हा कर्नल पॉल टिबेट्स यांनी दोन वास्प मुलींना ते थोड्या दिवसांत शिकवलं आणि तळांतळांवर फिरवलं. पुरुष मुकाट्याने आत बसू लागले. हिरोशिमावर बॉम्ब टाकणारे टिबेट्स ते हेच.

डिसेंबर १९४४ मध्ये संस्था बंद केली. माजी सैनिकाचा दर्जा मिळायला १९७७ साल उजाडलं.

जर्मन स्त्री वैमानिकांवर वाचणं योग्य आहे का?

का नाही? क्लेअर मली यांचं 'द विमेन हू फ्लू फॉर हिटलर' (२०१७) वाचाच. हाना राइच आणि मेलिटा फॉन श्टाउफेनबर्ग, दोघी चाचणी वैमानिक, दोघींना आयर्न क्रॉस. मेलिटा अभियंता होती. श्टुका प्रकारच्या, सूर मारत बॉम्ब टाकणाऱ्या विमानातून तिने दोन हजारांवर सूर मारले आणि प्रत्येक वेळी उतरून मोजमापं लिहून काढली. तिचे वडील ज्यू वंशाचे होते. कामातली उपयुक्तता हेच तिचं कवच होतं. दीर क्लाउस फॉन श्टाउफेनबर्गने जुलै १९४४ मध्ये हिटलरच्या खोलीत बॉम्ब ठेवला, त्यानंतर सगळं घराणं कैदेत गेलं. एप्रिल १९४५ मध्ये ती नवऱ्याला शोधायला निघाली असता तिचं विमान पाडलं गेलं. हाना त्याच महिन्यात जळत्या बर्लिनमध्ये हिटलरच्या भेटीला उतरली, आणि आयुष्यभर तिने कसलाही पश्चात्ताप दाखवला नाही.

तरीही १९५९ मध्ये ती पाहुणी म्हणून भारतात आली, इथे ग्लायडिंग शिकवलं आणि पंतप्रधान नेहरूंना दिल्लीवरून ग्लायडरमधून फिरवून आणलं. हानाचं स्वतःचं आत्मचरित्रही मिळतं. मली वाचल्याशिवाय ते उघडू नका. त्यात काय गाळलं आहे ते तेव्हाच कळतं.

विमानाच्या यंत्राबद्दल सोप्या भाषेत काही?

ब्रिटिश हवाई मंत्रालयाच्या 'पायलट्स नोट्स'चं पुनर्मुद्रण मिळतं. स्पिटफायर या ब्रिटिश लढाऊ विमानाची ती पुस्तिका घ्या. कॉकपिटमधला प्रत्येक खटका क्रमांकासह दाखवलेला असतो. आठवणी वाचताना ती शेजारी उघडी ठेवायची.

आणि विमान न उडवताही विमानाची लढाई बदलणारी एक बाई: बीट्रिस शिलिंग. स्पिटफायर आणि हरिकेनच्या मर्लिन इंजिनात मोठी खोट होती. नाक एकदम खाली केलं की कार्ब्युरेटरमध्ये पेट्रोल उसळून इंजिन गुदमरायचं. जर्मन इंजिनांत इंधन थेट फवारलं जाई, त्यामुळे ते वैमानिक सूर मारून निसटायचे. शिलिंगबाईंनी उपाय काढला तो भोक पाडलेल्या एका छोट्या चकतीचा, इंधनाचा लोंढा आवरणारा. १९४१ मध्ये त्या स्वतः मोटरसायकलवरून तळोतळ जाऊन ती बसवायला मदत करत होत्या. मॅथ्यू फ्रॉइडेनबर्ग यांचं 'निगेटिव्ह ग्रॅव्हिटी' हे त्यांचं चरित्र. छोटं आहे, गोड आहे.

कादंबऱ्या चालतील?

एलिझाबेथ वाइन यांचीच 'कोड नेम व्हेरिटी' (२०१२). एटीएची वैमानिक मॅडी आणि शत्रूच्या हाती सापडलेली तिची मैत्रीण. कथानक सांगत नाही, सांगणाऱ्यांवर विश्वासही ठेवू नका. त्यातलं लायसँडर हे विमान आपल्यालाही परकं नाही. १९४१ मध्ये भारतीय हवाई दलाच्या पहिल्या स्क्वाड्रनला बारा लायसँडर मिळाली ती मुंबईच्या वॉर गिफ्ट्स फंडातून, आणि तीच घेऊन हे वैमानिक ब्रह्मदेशाच्या आघाडीवर गेले. दिल्लीला पालमच्या हवाई दल संग्रहालयात हरिकेन आणि स्पिटफायर बघता येतात. कादंबरी वाचून गेलात तर कॉकपिट किती अरुंद होतं ते पाहून आश्चर्य वाटेल.

शेरी स्मिथ यांच्या 'फ्लायगर्ल' (२००९) मध्ये एक कृष्णवर्णीय मुलगी गोरी असल्याचं भासवून वास्पमध्ये शिरते. केट क्विन यांच्या 'द हंट्रेस' (२०१९) मधली नीना ही चेटकिणींतली. नीनाचे भाग झकास, बाकीचं ठीक.

भारतीय स्त्रिया महायुद्धात उडत होत्या का?

आपल्या हवाई दलात नाही. सरला ठकराल यांनी १९३६ मध्ये लाहोरला जिप्सी मॉथ विमानावर परवाना मिळवला होता. व्यावसायिक परवान्यासाठी त्या जोधपूरला गेल्या, तोवर युद्ध लागलं आणि नागरी प्रशिक्षणच बंद झालं. युद्धाने रशियात मुलींना विमान दिलं, इथे हातचं काढून घेतलं.

हवाई दलात स्त्रिया वैमानिक म्हणून आल्या त्या १९९४ पासून, आणि लढाऊ विमानांवर जून २०१६ मध्ये. मधल्या काळात कारगिल झालं. १९९९ मध्ये गुंजन सक्सेना आणि श्रीविद्या राजन या दोघींनी चीता हेलिकॉप्टर उडवली, जखमींना खाली आणलं, रसद पोचवली. चीता म्हणजे मूळचं फ्रेंच 'लामा', विरळ हवेतल्या उंचीसाठीच घडवलेलं, निःशस्त्र आणि चिमुकलं. सक्सेना यांचं 'द कारगिल गर्ल' (२०२०) एका बैठकीत होतं. त्याच साली आलेल्या चित्रपटातल्या चित्रणावर हवाई दलाने आक्षेप घेतला होता, तेव्हा चित्रपट पाहिला असेल तरी पुस्तक वेगळं वाचा.

माझं इंग्रजी बेताचं आहे. क्रम सांगाल?

आधी मेरी एलिस किंवा 'द कारगिल गर्ल', वाक्यं छोटी आहेत. मग 'अ थाउजंड सिस्टर्स'. नॉगलच्या मुलाखती दोन-तीन पानांच्या, रोज एक वाचली तरी चालते. व्हिटेल यांच्या ब्रिटिश विनोदाला थोडा सराव लागतो. पेनिंग्टन आणि कर्टिस शेवटी, तेही सलग न वाचता सूची पाहून.

बारा-तेरा वर्षांच्या मुलीला भेट द्यायचंय.

'अ थाउजंड सिस्टर्स'. 'कोड नेम व्हेरिटी' इतक्यात नको, त्यात छळाची वर्णनं आहेत. चौदा-पंधराव्या वर्षी द्या. वाइन यांची 'रोझ अंडर फायर' त्याहून कठीण, कारण ती रावेन्सब्रुकच्या छळछावणीत जाते. मुलीला आकाशाची आवड असेल तर येवगेनिया रुदनेवाची गोष्ट तोंडी सांगा: मॉस्कोत खगोलशास्त्र शिकणारी, ५८८ व्या रेजिमेंटची मुख्य नॅव्हिगेटर, एप्रिल १९४४ मध्ये गेली. क्रमांक १९०७ चा लघुग्रह तिच्या नावाचा आहे.

जुनी पुस्तकं महाग पडतात. काय करावं?

नवी पुस्तकं, म्हणजे वाइन, मली, लँडेक, साध्या आवृत्तीत परवडतात. कर्टिस आणि बार्नाटो वॉकर जुन्या प्रतींच्या विक्रेत्यांकडे शोधा, आणि किंमत पाहून घाई करू नका, महिन्या-दोन महिन्यांत खाली येते. पेनिंग्टनसाठी विद्यापीठाच्या ग्रंथालयात विचारा. नॉगल मात्र मिळालं तर छापीलच घ्या. ते चेहरे फोनच्या पडद्यावर बघण्यात अर्थ नाही.